शिट्टी वाजल्यावर

कोरेगावात आमच्या गल्लीतला शिंपी पलटणीतून हवालदार होऊन परतला होता. हातातली शिवण पुरी झाल्याशिवाय तो मान वर करत नसे, मग दारात मामलेदार उभा असो.

महाबळेश्वर दाखवणाऱ्या एक दिवसाच्या सहलीला जावं का, हे मी त्याला विचारलं. बायको बारा वर्षं म्हणत होती आणि मी दरवेळी ‘तिथं काय बघायचंय?’ म्हणून तिला गप्प केलं होतं. खरं तर मला कंटाळा होता. त्यानंही नकोच म्हणावं, असं मला वाटत होतं.

शिवण संपवून तो म्हणाला, “गाईड लय पळवतो, गुरुजी. धा मिन्टं झाली की शिट्टी.”

“मग नको जायला?”

“जावा की! आमी गेलो, तवा शिट्टी झाली. आमची मंडळी म्हनली, अजून बघायचंय. मग बसलो. वीस वर्सं शिट्टीवर उठलो, आता न्हाई उठायचं. गाडी गेली. दुधाच्या ट्रकनं आलो. तुमी शाळंच्या घंटेवर जगलेला मानूस, तुमाला जमंल का बघा!”

मी दोन तिकिटं काढली.

कड्यावर शिट्टी वाजताच बायको पदर सावरून उठली. बारा वर्षं माझं ऐकायची, तशीच निमूट.

मी तिचा हात धरला. “बस. अजून बघायचंय.”