तुटलेला धवला

आमच्या पालघर-बोईसर भागात हल्ली कुणीही उठतं आणि "लग्नाच्या मांडवात गिटार आम्हीच पहिली आणली" म्हणून छाती फुगवतं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. पहिली गिटार कुणी आणली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण शेजारी बसून दुसरी मी वाजवायचो. त्या माणसाचं नाव आज कुणाला का ठाऊक नाही, तेही मला ठाऊक आहे. ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बोईसरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं फिटर होतो. तो माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, राहायला वाणगावकडे. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. आखातातून आलेल्या कुणीतरी त्याला एक कॅसेट दिली होती, वर कागदसुद्धा नव्हता. तिच्यात गिटार अशी कडाडायची की घरच्या कोंबड्या पळायच्या, पण चाल इतकी गोड की पोरंबाळंही गुणगुणतील. दोन आवाज एकमेकांना धरून चालायचे आणि तीन मिनिटांत गाणं संपलेलं असायचं. अशा संगीताला पॉवर पॉप म्हणतात, हे मी पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचलं. मास्तर म्हणायचा, "हाताला जोर नि गल्याला साखर, बस."

तशी गाणी त्याने आमच्या बोलीत केली. रेडिओचे जुने भाग जमवून लाकडी खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवला. लग्नाच्या मांडवात लोकांना हवी असायची सिनेमाची गाणी, मग चार सिनेमाची झाली की मास्तर हळूच आपलं एक सरकवायचा. त्यातलं एक होतं मासवणहून पालघरच्या बाजाराला येणाऱ्या मुलीवर, जी काही केल्या काकडीचा भाव कमी करत नाही. त्याचा दुसरा आवाज मी लावायचो. ते गाणं सुरू झालं की जेवणारे हात थांबायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका कॅसेटवाल्याच्या कानावर मास्तरचं नाव गेलं. त्याने निरोप धाडला, "स्वतःचं एक गाणं मांडवात ऐकवा. लोक कसे डोलतात ते बघून कॅसेट काढू." तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात लग्नात वाजवायची आमची सुपारी होती, तिथेच त्याला बोलावलं. गाव मला नवीन नव्हतं. तिथल्याच एका मुलीशी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलीचे काका त्या दिवशी मांडवात पाहुण्यांची उठबस करत होते.

सकाळी अकराला येतो म्हणालेला माणूस दुपारी दोनला उगवला. रिक्षा दारात उभी ठेवूनच आत आला. परतीची गाडी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी, तेव्हा हाताशी अर्धा तास, असं म्हणून तो पहिल्या रांगेत बसला. मास्तरने गिटार गळ्यात घातली. आणि नेमकी त्याच वेळी म्हातारी धवलारीण पाटावर बसली.

धवलारीण म्हणजे लग्न लावताना देवांना आणि पूर्वजांना नावं घेऊन गाण्यातून बोलावणारी बाई. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. ती गात असताना मांडवात दुसरं वाद्य वाजत नाही. आणि धवला मध्येच तुटला तर तो तिथून उचलायचा नाही, पहिल्या देवापासून पुन्हा धरायचा, ही त्या गावाची रीत. मास्तरने बोटं तारांवर दाबून धरली.

म्हातारीचे देव काही संपेनात. समुद्रातले झाले, डोंगरावरचे सुरू झाले. कॅसेटवाल्याने घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मी कुजबुजलो, "मास्तर, काहीतरी कर. हा निघेल."

"ती गातेय तवर नाय."

"आयुष्यात एकदाच येतं असं!"

"नवरीचा धवलापन एकदाच हाय. गप बस."

दहा मिनिटं गेली. कॅसेटवाला बूट घालायला वाकला.

अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच माझ्या पाठीमागे होता. म्हातारी थांबली की क्षणही वाया जायला नको, म्हणून मी तो लावून ठेवला, असं मी मनाला वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. माझी गिटार त्याच खोक्याला टेकलेली होती आणि तशी टेकलेली असताना स्विच लावला की कर्णा किंचाळतो, हे सकाळीच दोनदा झालं होतं. मला म्हातारीचा राग आला होता. तिने आवरतं घ्यावं, म्हणून मी तो दाबला.

कर्णा असा किंचाळला की नवरीच्या हातातले तांदूळ सांडले. धवलारीण थांबली. सगळा मांडव वळून आमच्याकडे पाहू लागला. मला सांगून आलेल्या मुलीचे काका लालबुंद होऊन आले. "कोनी क्येला ह्या?"

मी स्विचवरचा हात हळूच मागे घेतला.

मास्तर उठला. गिटार गळ्यातून काढली आणि म्हातारीपुढे हात जोडले. "माझा हात लागला, आये. चुकलो."

तिने डोळे मिटले आणि पहिल्या देवापासून पुन्हा सुरुवात केली.

कॅसेटवाला आमच्या मागून गेला. जाता जाता मास्तरच्या खांद्यावर थाप मारून "परत कधीतरी" म्हणाला. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला, मास्तरने मान वळवली नाही. तो माणूस पुन्हा आला नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैव त्याचं होतं, कर्म माझं.

परतताना मी विचारलं, "स्वतःवर का घेतलंस?"

"तुला त्या गावात जावई व्हयाचं हाय," तो म्हणाला. "मना काय, दुसरी गावा हायेत."

पण दुसऱ्या गावांतही गोष्ट त्याच्या आधी पोचली. धवला तोडणारा मास्तर, अशीच त्याची ओळख झाली. सुपाऱ्या आटल्या, पुढे त्याने खोकं विकलं. ती गाणी कुणी रेकॉर्ड केलीच नाहीत. मी एकटा गायला बसलो की चाल घसरून दुसऱ्या आवाजावर येते आणि तेवढ्याने गाणं होत नाही.

वर्षभराने त्याच गावात माझं लग्न लागलं. वाजवायला दुसरे होते. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आला आणि मागच्या रांगेत बसला. मुंडावळ्यांच्या आडून मी ऐकलं, काका मास्तरकडे बोट करून वाजवणाऱ्यांना सांगत होते, "त्याला वाद्यांना हात लावू देव नका." तेव्हा बोलायला हवं होतं. सगळं गाव समोर होतं, तीच धवलारीण पाटावर होती. मी बोललो नाही.

सगळं उरकल्यावर तो आहेर द्यायला आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "धवला पुरा झाला ना? मंग बरा झाला."