एका पेल्यात दोघी

नागपूरहून पचमढीपर्यंत पायी जायचं, असं आमच्या भूगोलाच्या बाईंनी ठरवलं, तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. मुलींनी नुसतं चालण्यासाठी इतक्या लांब जायचं, हे घरी कसं सांगावं, मला सुचत नव्हतं. शेवटी सांगितलं.

गिरणीतून आलेले बाबा हात धूत होते. म्हणाले, "जा. पण आपला तांब्या आपल्यापाशी पाह्यजे. कोणाले पाणी मागाचं काम नाही. तांब्या नेशील तरच जा."

हे ते का म्हणाले, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल, याची वाट पाहावी लागे. धम्मदीक्षेनंतर ते नागपुरात आले, गिरणीत लागले, आणि इतवारीच्या बाजारातून पहिली वस्तू घेतली ती हा पितळी तांब्या. त्यावर त्यांनी आपलं नाव कोरून घेतलं होतं.

निघण्याआधी बाईंनी सगळ्यांचं सामान कॉलेजच्या व्हरांड्यात मांडायला लावलं. माझं गाठोडं सुटताच एक मैत्रीण ओरडली, "काय वं, सासरी चालली का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले.

बाई एकेक वस्तू हातात घेऊन एवढंच विचारायच्या, "हे कशाला?" उत्तर अडखळलं की वस्तू बाजूला. टॉवेल त्यांनी कात्रीने अर्धा केला. साबणाची वडी सुरीने चिरली. रजईऐवजी जुन्या लुगड्याची पिशवी शिवून तिच्यात झोपायचं आणि खाली प्लॅस्टिकची पन्नी अंथरायची, हे त्यांनी स्वतःच्या पिशवीत आडवं होऊन दाखवलं. एवढ्या शिकलेल्या बाई फरशीवर सुरवंटासारख्या सरकताना पाहून मला त्यांचं फार कौतुक वाटलं. त्यांना कशाचीच लाज नव्हती.

मग म्हणाल्या, "एका ताटात दोघी, एका पेल्यात दोघी. भांडी निम्मी होतात."

मी घाईने म्हटलं, "बाई, माझा तांब्या आहे. मी वेगळीच राहीन. मला वजन चालतं."

त्यांनी तांब्या उचलला. नाव वाचलं. तो बाजूच्या ढिगात न टाकता पदराने पुसून माझ्या हातात दिला. "हा घरी सांभाळून ठेव. तू माझ्या पेल्यात." त्यांना सगळं कळलं होतं की फक्त वजन कळलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

सरावाला आम्ही कोराडीपर्यंत चाललो. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. एका निंबाखाली बाईंनी ॲल्युमिनियमचा पेला भरून माझ्यापुढे धरला. मी तो उंच धरून वरून तोंडात पाणी ओतू लागले. निम्मं गळ्यावरून कुडत्यात गेलं.

"अगं, तोंड लाव! पाणीही वजनच असतं. ते मी इथपर्यंत पाठीवर आणलंय."

मी ओठ लावून प्यायले. त्यांनी पेला घेतला, विसळला नाही, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "थोडं जास्त ठेवायचं होतंस," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, की बाई तांब्या नेऊ देत नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. मग पेल्याचं सांगितलं.

"पहिले कोण पेलं? त्या का तू?"

"मी."

"मंग त्याईनं धुतला?"

"नाही. तसाच तोंडाला लावला."

मी जाणार की नाही, मला कळेना. मग त्यांनी मला जवळ बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि टाच दाबून पाहत म्हणाले, "इथं फोड येते, पाह्य. रोज झोपताना तेल लावत जाजो. जवसाचं नाही, करडीचं."