शेवटच्या दोन इनिंगची पिचर

मार्चमधला सीझनचा शेवटचा सामना आम्ही माझ्यामुळे हरलो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी रिलीफ पिचर आहे. सुरुवातीची पिचर थकली किंवा मार खायला लागली, की शेवटच्या एकदोन इनिंगसाठी जिला आणतात, ती. सिडनीतल्या आमच्या बायकांच्या बेसबॉल क्लबात अकरा वर्षं मी हेच करतेय, दुसरीने करून ठेवलेला पसारा आवरणं. त्या दिवशी आम्ही एका रनने पुढे होतो. शेवटची इनिंग, त्यांच्या दोघी आउट, पण तिन्ही बेसवर खेळाडू. मला फक्त एक बॅटर काढायची होती. तिला मी चार चेंडू बाहेर टाकले. असे चार झाले की बॅटर आरामात चालत पहिल्या बेसवर जाते, बाकीच्या एकेक बेस पुढे सरकतात आणि तिसऱ्या बेसवरचीला आयता रन मिळतो. बरोबरी झाली. पुढच्या बॅटरलाही मी तेच केलं. बॅटला चेंडू न लागताच आम्ही हरलो.

कोच माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, शाळेत पीई शिकवते. माझ्या खांद्यावर बर्फ बांधत म्हणाली, "मेट, पुढच्या सीझनला पिचिंग कोच म्हणून ये ना. पोरींना तुझ्यासारखं कोणीतरी हवंय."

ती मनापासून बोलत होती, म्हणूनच जास्त लागलं.

गिरावीनला घरी परतताना मुलगी गाडी चालवत होती, एल प्लेट लावून. म्हणाली, "मम, यू डोन्ट हॅव टू डू धिस एनीमोर, यू नो."

"समोर बघून चालव," मी म्हणाले.

मी अमरावतीची. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, त्यात चेंडू खालून टाकतात. इथे शिकायला आले, मग नोकरी, लग्न, मूल, आणि ते सगळं सुटलं. मुलगी पाच वर्षांची असताना एका पार्कात क्लबची प्रॅक्टिस चालली होती. कुंपणाबाहेर आलेला चेंडू मी उचलून परत फेकला. झेलणाऱ्या बाईने ग्लव्ह काढून तळहात चोळला आणि विचारलं, "मंगळवारी येशील?" वरून चेंडू टाकायला मी बत्तिसाव्या वर्षी शिकले.

सामन्यानंतरच्या सोमवारी कामावर ट्रे उचलताना हात थरथरला. मी पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त काढते. थरथरणारा हात मला परवडणारा नाही. फिजिओकडे गेले.

"खांद्यात काही फाटलेलं नाही, झिजलंय," ती म्हणाली.

"खेळू शकते?"

"खेळ. पण पूर्वीसारखा जोर विसर."

आई फोनवर म्हणाली, "पुरे कर ना आता. तिथं कोण हार घेऊन उभं आहे तुझ्यासाठी?" खरंच होतं. आमचे सामने बघायला वीसेक माणसं येतात, त्यातली निम्मी कुत्री फिरवायला आलेली. मग मला सोडवत का नव्हतं? आधी वाटलं, त्या आठ चेंडूंचा राग आहे. पण राग दोन महिन्यांत विरला आणि इच्छा तशीच राहिली. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर पळते. मैदानावर मात्र मी चेंडू टाकेपर्यंत कोणाचंच काही सुरू होत नाही. ते दोन सेकंद मला अजून हवे होते.

जोर नाही, तर फसवणूक. मी हळू चेंडू शिकायला घेतला. हात नेहमीच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र उशिरा पोचतो. नवरा पुण्याचा, क्रिकेटवाला. बेसबॉलला तो "फुलटॉसचा खेळ" म्हणायचा. तोच इथल्या जूनच्या थंडीत, कामावरची ट्रेन पकडण्याआधी, परसात उलट्या बादलीवर बसून माझे चेंडू झेलायला लागला. एकदा चेंडू नडगीवर बसला तेव्हा कळवळला आणि म्हणाला, "हा फुलटॉस नव्हता."

ऑगस्टमध्ये मी कोचला सांगितलं, "पोरींना शिकवीन. पण खेळणारही आहे."

ती म्हणाली, "मग ट्रायलला ये. सगळ्यांसारखी."

गेले. निम्म्या वयाच्या पोरींबरोबर रांगेत उभी राहिले आणि टीममध्ये आले, यादीत शेवटून दुसरी.

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या सामन्यात सहाव्या इनिंगला हाक आली. आम्ही दोन रनने पुढे, त्यांची एक आउट, दोन बेसवर खेळाडू. पहिलाच चेंडू बाहेर गेला. दुसराही. कॅचरने हळू चेंडूची खूण केली, मी मान डोलावली. बॅटरने चेंडू पोचायच्या आधीच बॅट फिरवली. पुढचाही मी तसाच टाकला. तो तिने जेमतेम टोलवला. एक रन गेला, पण पहिल्या बेसवर ती आउट झाली. त्यानंतरचीला मी तीन स्ट्राइकमध्ये आउट करून परत पाठवलं. सातवी, शेवटची इनिंगही मीच टाकली. एका रनने जिंकलो.

खांदा ठणकत होता. कोच पुढच्या शनिवारची यादी लिहीत बसली होती. "खांदा कसा आहे?" तिने विचारलं.

"दुखतोय," मी म्हणाले. "माझं नाव लिही."