भोंगेकाका गच्चीवर चढतात

विजेच्या बिलावर त्यांचं नाव काहीही असो, गल्लीत त्यांना भोंगेकाका म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडतंही.

काकांनी उभी हयात बसस्थानकाच्या चौकशीच्या खोलीत काढली. एक टेबल, एक माइक, समोर तेलकट काच आणि डोक्यावर एक पंखा. तो बोलताना बंद ठेवावा लागे, नाहीतर साऱ्या स्थानकाला गाडीच्या नावाआधी घरघर ऐकू येई. काचेपलीकडे माणसंच माणसं. काका म्हणाले ‘फलाट चार’, की बोचकी उचलली जात, पोरं काखोटीला मारली जात, बाकावर घोरणारे दचकून उठत आणि ती सगळी गर्दी मुकाट्याने चारवर जाऊन उभी राही. एकदा काकांनी चुकून सहाच्या जागी चार पुकारलं. माणसं गेली ती गेलीच, पण ड्रायव्हरनेही गाडी सहावरून काढून चारवर आणून लावली. म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणजे असेल काहीतरी.

अशा माणसाला निवृत्त करून घरी पाठवणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत सोडणं.

घरात माणसं तीन. काकू, मुलगा आणि सून. तिघंही गुणी, कुणी उलटून बोलत नाही. पण उलटून बोलायला आधी ऐकावं लागतं ना! काकांना सवय सगळं दोनदा सांगायची, कारण स्थानकावर तसा नियमच होता. ‘उद्या पाणी कमी दाबाने येणार आहे. उद्या पाणी कमी दाबाने येणार आहे.’ त्या वेळी काकूंचा मिक्सर सुरू असायचा. मुलाच्या कानात वायरी असायच्या. सून तर काकांनी तोंड उघडायच्या आधीच ‘हो बाबा’ म्हणून मोकळी व्हायची. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नसलं की तिघंही काकांकडे वळत आणि विचारत, सांगायचं नाही का आधी? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे तर कुणी भावसुद्धा विचारत नव्हतं.

आणि वैरी कोण, तर बैठकीतला टीव्ही. तो डबा प्रत्येक गोष्ट एकदाच सांगतो आणि तिघंही जिवाचा कान करून ऐकतात. काकांना टीव्हीचा राग नव्हता. हेवा होता. राग परवडला, तो निदान उघडपणे करता येतो.

तर परवा दुपारी वादळ झालं. पाऊस शिंतोड्यांपुरता, वारा मात्र चढेल. कुणाचे पत्रे उडाले, एका टाकीचं झाकण दोन घरं ओलांडून तिसऱ्याच्या गॅलरीत पडलं आणि त्यावर हक्क सांगायला चौघं आले. काकांच्या गच्चीवरच्या डिशची मान अशी मुरगळली, की ती आकाशाकडे बघायची सोडून टाकीकडे बघत बसली. खाली पडद्यावर पाटी आली: सिग्नल उपलब्ध नाही.

घरावर अवकळा पसरली. त्याच संध्याकाळी मालिकेतल्या नायिकेला तिचा खरा बाप कोण ते कळणार होतं. वर्षभर कळू कळू म्हणत होतं. सासू-सुनेचं एरवी आमटीत मीठ किती यावर एकमत होत नाही, पण या बापाच्या प्रश्नावर दोघी एका पक्षाच्या. मुलगा म्हणे, काय ते रडगाणं बघता, आणि मग नायिकेच्या मावसदिराने केलेला घोटाळा बायकोला इत्थंभूत समजावून देई. डिशवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सगळ्या गावाच्या डिशच्या छत्र्या फिरल्यात, दोन-तीन दिवसांत बघू. ‘बघू’ हा शब्द त्याने असा काही उच्चारला, की मुलाने फोन ठेवून कपाळाला हात लावला.

तेव्हा काका म्हणाले, ‘मी बघतो.’ आणि सवयीने पुन्हा म्हणाले, ‘मी बघतो.’

तीन माना वळल्या. काकांच्या लक्षात राहिलं ते हेच. पहिल्याच हाकेला वळल्या.

पोराला उंचावर गेलं की गरगरतं, त्यामुळे पर्याय नव्हता. सून टीव्हीसमोर बसली. सिग्नलची पट्टी किती भरते ते तिने बघायचं. काकूंनी दारात उभं राहून ते मुलाला सांगायचं, आणि मुलाने जिन्यात उभं राहून गच्चीवर ओरडायचं. काका पाना घेऊन वर गेले. जाताना त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. डिशला काय त्याचं, पण काकांना ड्युटीवर गेल्यासारखं वाटलं.

पहिला प्रश्न, तोंड कुठे करायचं? काकांनी शेजारच्या शिंप्याच्या छत्रीकडे बघितलं, नट सैल केला आणि आपली छत्री अगदी तशीच वळवली. खालून आवाज आला, काही नाही. काकांनी मान वर केली तर शिंप्याची छत्री भलतीकडेच बघत होती. पुन्हा तिच्याप्रमाणे वळवली. पुन्हा काही नाही, आणि शिंप्याची पुन्हा तिसरीकडे. शेवटी टाकीआडून शिंपी उठून उभा राहिला, तोंडात स्क्रू धरलेला, आणि जरा घुश्शातच म्हणाला, ‘काका, एका जागी ठेवा की! मी तुमची बघून माझी लावतोय.’

आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारावा आणि दोघांनी एकमेकांचे आभार मानावेत, त्यातला प्रकार. मग काकांनी डोकं चालवलं. छत्री ज्या खांबावर बसते तो सगळा गंजला होता, पण जिथे तिची पकड इतकी वर्षं घट्ट बसली होती तिथे रंगाचा पट्टा कोरा राहिला होता. काकांनी पकड त्या पट्ट्यावर, नटाच्या जुन्या खुणेला खूण जुळवून बसवली. खालून बातमी आली, पट्टी हलली! आता राहिलं बारीक काम. बोटभर वळवायचं आणि पाचपर्यंत आकडे मोजून थांबायचं, कारण खालच्या डब्याला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाई केली की आलेलं हुकतं.

थांबणं काकांच्या हाडामासात होतं. आणि बोलणंही. त्यांनी गच्चीच्या कठड्यावर एक हात ठेवला, घसा साफ केला आणि कित्येक महिन्यांनी तो आवाज लावला.

‘लक्ष द्या. छत्री अर्धं बोट डावीकडे जात आहे. छत्री अर्धं बोट डावीकडे जात आहे.’

‘नाही!’ जिन्यातून मुलगा.

‘छत्री किंचित वर जात आहे. छत्री किंचित वर जात आहे.’

‘थोडं वाढलं म्हणतेय!’ आता काकूसुद्धा परस्पर ओरडल्या. ‘अहो, तसंच धरा!’

काय सांगावं, काकांना गार वारा लागल्यासारखं झालं. वर एक माणूस बोलतोय आणि खाली सगळं घर कान टवकारून उभं आहे. शिंपीसुद्धा पान्यावर हात ठेवून ऐकत होता. काकांनी छत्री एकदोन बोटं उगाच जास्त फिरवली असं तो नंतर गल्लीभर सांगत फिरला. शिंप्याचं काय, तो मापात चुकतो आणि बोलण्यात नाही, असं थोडंच आहे?

मग काकांनी छत्री जराशी खाली झुकवली, तशीच हातात धरली, पाच मोजले आणि विचारलं, ‘आलं का?’

काकांनी जिन्याकडे कान लावला.

‘आलं का?’

जिन्यात कुणी नव्हतं. काका हात न हलवता उभे राहिले. हलले तर येत असलेलं जायचं. नाकावर माशी बसली, तीही बसू दिली. दंड भरून आले. आणि तेवढ्यात खालच्या खिडकीतून सनईचा टाहो आणि एका बाईचा हुंदका वर आला. स्वच्छ, खरखर नसलेला हुंदका. बाप सापडायच्या बेतात होता.

काकांनी नट घट्ट आवळला. पक्का, शिस्तीत. मग हात पुसले आणि जिना उतरता उतरता मनात वाक्य जुळवलं: वाहतूक पूर्ववत सुरू झालेली आहे, प्रवाशांनी केलेल्या सहकार्याबद्दल आभार. बैठकीत तिघं ओळीने बसली होती. काकांनी तोंड उघडलं. ‘वाह...’

काकूंनी पडद्यावरून नजर न काढता हात वर केला. ‘थांबा हो जरा.’

सून म्हणाली, ‘हो बाबा.’

काका थांबले. जाहिरात लागेपर्यंत थांबले. जाहिरातही तिघांनी लक्ष देऊन ऐकली. मग काका, ‘पाना वर राहिला,’ असं भिंतीला एकदाच सांगून पुन्हा जिना चढले. पाना त्यांच्या खिशात होता.

वर ऊन कलतं झालं होतं. शिंपी आपलं काम उरकून गेला होता. काकांनी नट अर्धा फेरा सैल केला, एका बोटाने छत्रीला उजवीकडे रेटा दिला आणि पाच मोजायला सुरुवात केली. तीनलाच खाली हलकल्लोळ झाला.

‘बाबा!’

‘अहो, गेलं!’

‘बाबा, आत्ता तर बापाचं नाव सांगत होते!’

जिन्यात पावलं वाजली. काकांना वाटलं मुलगा असेल, पण काकू आल्या, धापा टाकत. त्यांनी छत्री बघितली, नटावर बसलेला पाना बघितला आणि दोरीवरच्या चादरीकडे बघितलं. चादर ढिम्म हलत नव्हती.

‘वारा नाहीये,’ काकू म्हणाल्या.

‘नाहीये.’

‘मग?’

काकांनी चष्मा पुसला. ‘तांत्रिक कारण.’

काकूंनी लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं या माणसाचा आवाज स्थानकावर उभं राहून ऐकला होता, माहेरची गाडी कधी लागते म्हणून. तेव्हा हेच दोन शब्द ऐकले की त्या बोचकं खाली ठेवून बसून घ्यायच्या. आजही त्यांनी उपडी बादली ओढली आणि बसून घेतलं.

‘किती उशीर होईल?’

‘निश्चित सांगता येत नाही.’

‘तो नायिकेचा बाप शेवटी माळीच निघणार,’ काकू म्हणाल्या. ‘मला तर कधीचं माहीत आहे. पण सुनेला सांगू नका, हिरमुसेल. अन् नळाचं काय म्हणत होता सकाळी? मिक्सर चालू होता माझा.’

काकांनी नळाचं सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि ते त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग ते कठड्याशी गेले, सदऱ्याची गुंडी चाचपली आणि खाली वाकून आवाज लावला, ‘लक्ष द्या. छत्री परत जागेवर येत आहे.’

‘हो बाबा!’ जिन्यातून मुलगा आणि सून एकदम.

‘छत्री परत जागेवर येत आहे.’

‘हो बाबा!’