आंबाड्याचं हाफ तिकीट

मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागलं. दीडशे वर्षांपूर्वीची विलायती व्यंगचित्रं होती त्यात, त्या काळच्या नटण्यामुरडण्याची टर उडवणारी. एका बाईचा घागरा इतका फुगलेला, की ती दारात अडकलीय आणि दोन नोकर मागून ढकलतायत. एका साहेबाची कॉलर पार डोळ्यांपर्यंत, त्याला ताटातलं जेवणच दिसत नाही. मी एकटाच हसत बसलो. ग्रंथपालांनी दोनदा डोळे वटारले.

त्याच सुमारास वहिनीनं कल्याणला कोर्स करून आमच्या ओटीवर ब्युटी पार्लर उघडलं होतं. लग्नसराईत गावोगावच्या नवऱ्या मुली यायच्या. दोऱ्यासारख्या भुवया आणि टोपलीएवढा आंबाडा ही तिची खासियत.

कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी चित्र काढलं: नवरी एसटीत बसलीय, आंबाडा टपाला टेकलाय आणि कंडक्टर त्या आंबाड्याचं हाफ तिकीट फाडतोय. पोरं पोट धरून हसली. आंबाडा कुणाच्या हातचा, हे सगळ्यांनी ओळखलं. बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी थेट कॉलेजात आली. मी पोरांच्या मागं सरकलो. ती चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, आंबाडा मस्त काढलाय. पन यात तुमी का नाय?"

"मी कशाला?"

"रोज सकाळी माझ्या आरशापुढं अर्धा तास केसांचा कोंबडा कोन काढतं? मला म्हाईत नाय?"

आता पोरं मला हसू लागली. खरं होतं तिचं. संध्याकाळी मी दुसरं चित्र काढलं: माझ्या डोक्यावर भलामोठा तुरा, आणि गल्लीतल्या कोंबड्या रांगेनं माझ्यामागं निघाल्यात. ते वहिनीला दिलं, आणि ते विलायती पुस्तकही दाखवलं. दारात अडकलेल्या बाईपाशी ती थांबली.

"मंग आमीच येड्या नाय," ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

भित्तिपत्रकावरचं चित्रही तिनं मागून घेतलं आणि दोन्ही पार्लरच्या भिंतीवर लावली. मग नंबर लावून थांबलेल्या मुली "आमचंबी काढा" म्हणू लागल्या. रविवारी मी ओटीच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसायचो. टोकावड्याकडच्या एका नवरीनं तर आपलं चित्र रुखवतात मांडलं. सासरची माणसं ते बघायला वाकली, आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती तिची सासू.