दुसऱ्या गिअरचा आवाज

नवीन जालन्यातल्या त्या मिस्त्रींचे नाव मी कधी विचारले नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या माझ्या जुन्या गाडीला नवा गिअरबॉक्स बसवून घ्यायचा होता. काढलेला प्रत्येक खराब भाग रॉकेलने धुऊन, पुसून मालकाच्या तळहातावर ठेवल्याशिवाय ते नव्याला हात लावीत नसत.

माझ्या हातावर त्यांनी जुन्या गिअरबॉक्समधली एक पितळी रिंग ठेवली. "दुसरा गिअर टाकताना करकर व्हायची की न्हाई?"

"पत्नी चालवायची तेव्हा फार. तिला क्लच नीट दाबता येत नसे."

ते हसले. "वहिनीवर कशाला ढकलता, साहेब? ही रिंग ह्या गाडीची न्हाईच. दुसरीच ठोकून बसवल्ती. कोणत्या उस्तादाचं काम हे?"

तो उस्ताद मीच निवडला होता, लग्नाच्या वर्षी, घाईने.

वाटूरच्या रस्त्यावर त्या आवाजावरून मी तिला तिच्या भावासमोर अडाणी म्हणालो होतो. तिने गाडी कडेला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. माझ्या हातून तीच करकर झाली की मी मात्र गाडीला दोष देत असे.

संध्याकाळी काम आटोपून मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मंग आता पहिल्यांदा वहिनींनाच चालवू द्या. लोण्यावानी गिअर पडतो का न्हाई, त्याच सांगतील."

"बरं," मी म्हणालो. तिला जाऊन दोन वर्षे झाली, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.