अकोल्याचे अकरा महिने

अमरावती कारागृहाच्या भेटकक्षात, पहिल्याच भेटीत, मी अपिलाचा मसुदा वाचून दाखवत होते. समोर नामदेवराव, अकोटकडचे फुलशेती करणारे, हाताची घडी घालून ऐकत होते. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी वकिलीची सनद घेतली. विधी सेवा प्राधिकरणाने मोफत साहाय्यासाठी सोपवलेले हे माझे तिसरेच प्रकरण.

शिक्षा संपली तरी सोडत नाहीत, असे नामदेवरावांचे म्हणणे होते. त्यांनी तुरुंगातूनच उच्च न्यायालयाकडे हेबिअस कॉर्पसची याचिका पाठवली. बेकायदा डांबलेल्या माणसाच्या सुटकेसाठी करतात ती ही याचिका. ती बराकीतल्या एका शिकलेल्या कैद्याने लिहून दिली होती. तीत स्वातंत्र्याची थोरवी भरपूर होती, तपशील नव्हता. वॉरंटप्रमाणे, म्हणजे शिक्षा देताना तुरुंगाला धाडलेल्या हुकुमाप्रमाणे, शिक्षा बाकी आहे, एवढे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. आता सर्वोच्च न्यायालय उरले होते. अकोटला फुलांचे दुकान सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीची दृष्टी जात चालली होती. तिला आपण दिसेनासे होण्याआधी घरी पोहोचायचे, ही त्यांची घाई त्यांनी मला आल्या आल्याच सांगितली.

मसुदा मी कागदपत्रांवरून, पंधरा दिवस खपून, घरीच लिहिला होता. चौदा पाने. मला तो आवडलाही होता. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले,

"बाई, लिवलं त लय सुंदर. पण माह्ये अकोल्याचे अकरा महिने याच्यात कोठी हायेत?"

खटला सुरू असताना, जामीन मिळेपर्यंत, ते अकोल्याच्या तुरुंगात होते. निकालाआधीची अशी कोठडी शिक्षेतून वजा होते. या वजावटीला सेट-ऑफ म्हणतात. वॉरंटवर तो रकाना कोरा राहिला होता आणि कारागृह वॉरंटवर लिहिले असेल तेवढेच धरते. हे आधी का सांगितले नाही, असे मी जरा घुश्शातच विचारले.

"तुमी इचारलंच नाही. अन् एवढ्या मन लावून वाचून राहिल्या, मधात कावून बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीने अकोल्याला गेले. तिथल्या लिपिकाने जुने रजिस्टर शोधून दाखला दिला. चौदा पानांची चार झाली. दिल्लीतल्या विधी सेवेच्या वकिलांनी ती दाखल केली. सेट-ऑफ धरून सुटका करावी, असा आदेश आला. तोवर त्या अकरापैकी पाच महिने त्यांनी तुरुंगात जादा काढलेच होते.

सुटकेच्या दिवशी त्यांची पत्नी बहिणीचा हात धरून फाटकाशी उभी होती. नामदेवराव अगदी जवळ आले, तेव्हा तिने त्यांना नीट निरखले.

"लय वाळले तुमी," ती म्हणाली.

त्या पाच महिन्यांतला एक पंधरवडा माझ्या चौदा पानांपायी गेला, हे मी दोघांनाही सांगितले नाही. आता पहिल्या भेटीला मी मसुदा नेत नाही. कोरे कागद नेते.